ओला बाण

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि माणसांना त्यांच्या गुणांवरून हाका मारत, तेव्हाची.

एका डोंगराच्या पोटाशी शिकाऱ्यांची वस्ती होती. जमीन सगळी खडकाळ, त्यामुळे पेरायला काही नव्हतं. रान देईल तेच खायचं. पुरुष शिकारीला जात आणि बायका कंद, मध, मोहाची फुलं गोळा करत. रान मात्र एकच होतं. ज्या वाटेनं आज शिकारी जनावराच्या मागे जात, त्याच वाटेनं उद्या त्यांच्या बायका टोपल्या घेऊन जात.

म्हणून त्या वस्तीत एक रीत होती. वस्तीच्या तोंडाशी एक सपाट खडक होता. रानातून परतलेल्या शिकाऱ्यानं घरी जाण्याआधी तिथे थांबायचं, वापरलेला बाण खडकावर ठेवायचा आणि म्हाताऱ्या नायकासमोर दोन शब्द बोलायचे. त्या नायकाला सगळे थोरला म्हणत. बाण कशालाच लागला नसेल, तर म्हणायचं, "बाण कोरा." जनावराला लागला, पण जनावर जखमी होऊन निसटलं, तर म्हणायचं, "बाण ओला."

बाण ओला म्हटलं की डफ वाजे. मग त्या बाजूच्या रानात कुणी पाऊल टाकत नसे. दुसऱ्या दिवशी सगळे शिकारी भाले घेऊन एकत्र निघत, जखमी जनावर शोधत आणि त्याला वेदनांतून सोडवत. कारण धडधाकट जनावर माणसाचा वास आला की पळतं. जखमी जनावर पळत नाही. ते जाळीत बसून वाट बघतं.

थोरला बाण हातात घेऊन कधी बघत नसे. "बाण पुसता येतो," तो म्हणे. "म्हणून मी बाणाला विचारत नाही. माणसाला विचारतो."

ज्याचा बाण ओला, त्याला शिक्षा अशी फारशी नव्हती. पाऊस लागेपर्यंत त्यानं शिकारीच्या रांगेत सगळ्यात मागे चालायचं आणि सगळ्यांच्या पाण्याच्या तुंबड्या, म्हणजे वाळक्या भोपळ्यांची भांडी, वाहायच्या. बस, एवढंच. पण तुंबड्या एकमेकांवर आपटून खडखड वाजत, आणि तो आवाज ऐकून पोरंसोरं दात काढत.

त्या वस्तीत एक शिकारी होता. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. त्याला दुसरा बाण कधी लागत नसे, म्हणून सगळे त्याला एकबाणी म्हणत. तो अबोल होता. त्याला ना घर मोठं, ना बायको, ना पोरं. त्याच्यापाशी होतं ते एवढं नावच. लहान मुलांचे बाप मुलांना त्याच्याकडे पाठवत आणि तो त्यांना शिकारीच्या गोष्टी शिकवी. मुठीत राख ठेवा, ती सोडून वारा कुठला ते बघा. वहाण करकरत असेल तर पायाला चिंध्या गुंडाळा. धनुष्याला नवी दोरी लावली, तर ती आधी झाडाला ताणून चांगली मुरू द्या. न मुरलेली दोरी ऐन वेळी सैल पडते आणि बाण खाली जातो.

हे सगळं तो शिकवायचा, आणि तरीही चैत्रातल्या एका दुपारी त्याच्याच धनुष्याला न मुरलेली दोरी होती.

झालं असं. सकाळी त्याची जुनी दोरी तुटली. त्या दिवशी सगळे शिकारी वेगवेगळ्या वाटांनी जायचे होते. "उद्या जा," थोरला म्हणाला होता. "दोरी मुरू दे." पण एकबाणी घरी बसला आणि बाकीचे शिकार घेऊन आले, असं कधी घडलं नव्हतं. त्यानं नवी दोरी चढवली आणि तो खालच्या रानात गेला.

दुपारी करवंदीच्या जाळीबाहेर त्याला एक एकांडा डुक्कर दिसला. सुळे पिवळे, पाठीवरचे केस उभे. एकबाणीनं राख सोडून वारा पाहिला, श्वास रोखला आणि बाण सोडला. त्याच क्षणी बोटांना कळलं, दोरी सैल पडली. खांद्यामागे लागायचा बाण पोटात लागला आणि आरपार गेला. डुक्कर किंचाळला, जाळी मोडत गेला आणि दिसेनासा झाला.

एकबाणी बाण शोधत गेला. बाण गवतात पडला होता. त्याच्यावरचं रक्त काळपट होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. त्यानं तो नाकाशी नेला, तेव्हा शंका उरली नाही. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही. ते रात्र काढतं, कधी कधी दोन रात्री काढतं. अशा जनावराच्या मागे एकट्यानं जाऊ नये. सरळ घरी यावं आणि डफ वाजवायला सांगावं. हेसुद्धा तोच मुलांना शिकवत असे.

 पण तो ओढ्यावर गेला. वाळू घेऊन त्यानं बाण घासला, पातं घासलं, पिसं एकेक करून धुतली आणि बाण उन्हात तापलेल्या दगडावर वाळत ठेवला.

संध्याकाळी खडकापाशी सगळे जमले होते. कुणी ससा आणला होता, कुणी तितर. बाकीच्यांचे बाण कोरे होते. एकबाणीची पाळी आली. त्यानं बाण ठेवला. त्याला वाटलं, दोन शब्द तर आहेत. पण मागे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "आज एकबाणी रिकाम्या हातानं? सूर्य पश्चिमेला उगवणार बहुतेक." सगळे हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं. पण ते ऐकून त्याला तुंबड्यांची खडखड आठवली.

"बाण कोरा," तो म्हणाला.

"खालचं रान?" थोरल्यानं विचारलं.

"खालचं रान. कोरा."

"बरं," थोरला म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. इतकं ते सोपं होतं.

एकबाणी जेवायला रोज गोमाकडे जाई. गोमा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. शिकारी बेताचाच, पण वस्तीतला सगळ्यात हसरा माणूस. मागच्या वर्षी गोमाचा बाण ओला झाला होता. त्यानं ते खडकावर मोठ्यानं सांगितलं आणि पाऊस लागेपर्यंत सगळ्यांच्या तुंबड्या वाहिल्या. पोरं हसली की तो मुद्दाम उड्या मारी, म्हणजे तुंबड्या आणखी वाजत.

त्या संध्याकाळी गोमाची बायको सावळी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. "भावजी, उद्या आम्ही सगळ्या मोहाला जाणार," ती म्हणाली. "खालच्या रानात नुसता सडा पडलाय म्हणे. यांना राखणीला नेतोय."

बायका रानात निघाल्या की सोबत एक पुरुष भाला घेऊन जाई, अशीही रीत होती. एकबाणीच्या हातातला घास तसाच राहिला.

"वरच्या रानात जा ना," तो म्हणाला. "तिथेही मोह आहेत."

"वरचे अजून गळायला लागले नाहीत," सावळी म्हणाली. "तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही आयुष्यभर खाली वाकून फक्त ठसे बघितलेत."

गोमा खो खो हसला.

"भाला नीट आहे ना तुझा?" एकबाणीनं त्याला विचारलं.

"दांडा मोडलाय. नवा घालतोय, पण लाकूड अजून ओलं आहे."

"मग माझा घेऊन जा."

"आणि फुलांच्या टोपल्या कोण उचलणार, तुझा आजा?" गोमा म्हणाला. "अरे, खालच्या रानात तू होतास. तू बाण कोरा ठेवलास. दुसरा कुणी असता तर भाला नेला असता, ढालही नेली असती. तू म्हणालास म्हणजे झालं."

एकबाणीनं हातातला घास खाली ठेवला. आणखी आग्रह केला असता तर गोमानं कारण विचारलं असतं. आणि कारण सांगायचं तर तेच दोन शब्द सांगायला हवे होते.

"जेवा ना, भावजी," सावळी म्हणाली. "भाकरी निवतेय."

तो जेवला. मनाशी त्यानं ठरवलं होतं, बायका निघायच्या आधी आपण जायचं, डुक्कर शोधायचा आणि संपवायचा. मग कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही. वाचकहो, चूक लपवणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटतं, की सांगण्यापेक्षा गुपचूप निस्तरणं बरं.

तांबडं फुटायच्या आत तो निघाला. या वेळी त्यानं धनुष्याला शेजाऱ्याची मुरलेली दोरी मागून लावली होती. राखेची पुरचुंडी कमरेला होती, पायाला चिंध्या होत्या. कालच्या जागेपासून त्यानं माग काढला. पानांवर सुकलेले ठिपके, मोडलेली काटकी, जाळीत अडकलेला एक राठ केस. माग उताराला, ओढ्याकडे जात होता. जखमी जनावराला तहान लागते, हे त्याला ठाऊक होतं. ओढ्याच्या अलीकडे, वारा तोंडावर येईल अशा बेतानं, एका खडकाआड तो दबा धरून बसला.

उजाडलं. पक्षी बोलू लागले. डोंगराच्या कडेवरून ऊन खाली सरकलं. डुक्कर आला नाही.

शेवटी तो उठला आणि ओढा ओलांडून पलीकडे गेला. तिथल्या चिखलात ठसे होते. त्यांच्या कडा सुकल्या होत्या. डुक्कर रात्रीच पाणी पिऊन पलीकडून निघून गेला होता. ठसे मोहाच्या झाडांकडे गेले होते.

एका माणसाला ओढ्याची एकच बाजू राखता येते. म्हणूनच सगळ्यांनी मिळून जायची रीत होती.

एकबाणी धावत सुटला. चिंध्या सुटल्या, काटे लागले, त्याला भान नव्हतं. मोहाच्या झाडांकडून बायकांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

तो पोचला तेव्हा बायका मिळेल त्या झाडावर चढल्या होत्या. खाली फुलांच्या टोपल्या लवंडल्या होत्या. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, एका हातात टोपली ढालीसारखी धरून आणि दुसऱ्या हातात एक वाळकी फांदी घेऊन गोमा उभा होता. म्हणजे तोपर्यंत उभा होता. एकबाणीनं धनुष्य उचललं तेव्हाच डुक्कर वळला आणि त्याचा सुळा गोमाच्या मांडीत शिरून वर गेला.

या वेळी दोरी सैल पडली नाही. बाण खांद्यामागे लागला. डुक्कर जागच्या जागी कोसळला.

एकबाणी गोमाजवळ गेला. दोन्ही हातांनी त्यानं जखम दाबली, पण रक्त बोटांमधून येतच राहिलं. ते लालभडक होतं आणि उसळत होतं. शिकाऱ्याला रक्त बघून सगळं कळतं.

गोमानं डोळे उघडले. "आलास?" तो म्हणाला. ओठ हलले, हसण्यासारखे. "एकाच बाणात पाडलास ना?"

  एकबाणीनं मान हलवली, हो म्हणून.

"तरीच," गोमा म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

बायका खाली उतरल्या. सावळीनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडत नव्हती. थोड्या वेळानं तिनं एकबाणीच्या पायांवर हात ठेवले. "भावजी, तुम्ही वेळेवर आलात म्हणून या बाकीच्या जगल्या," ती म्हणाली. त्याला पाय मागे घ्यावेसे वाटले.

गोमाला आणि डुकराला वस्तीत आणलं. गोमाला त्याच्या अंगणात ठेवलं, डुकराला खडकापाशी. माणसं जमली. जो तो म्हणत होता, "एकबाणी नसता तर आज चार चिता लागल्या असत्या." कुणी त्याच्यासाठी पाणी आणलं, कुणी त्याच्या पायातले काटे काढायला बसलं.

थोरला डुकराजवळ बसला होता. त्यानं खांद्यामागचा बाण पाहिला. मग त्याचा हात पोटाकडे गेला आणि थांबला. तिथे एक भोक होतं. भोवतालचं मांस सुजलेलं, काळं पडलेलं. पलीकडच्या बाजूला दुसरं भोक.

"ही जखम आजची नाही," थोरला म्हणाला. "कालची आहे. काल कुणाचा तरी बाण ओला होता."

 शिकारी एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "गोमाचाच असेल."

"काल तो खालच्या रानाच्या कडेनंच आला होता," दुसरा म्हणाला.

"मागच्या वर्षी तुंबड्या वाहून कंटाळला असणार. म्हणून लपवलं."

"आणि स्वतःच भोगलं, बिचाऱ्यानं."

बघता बघता सगळ्यांना ते पटलं. मेलेला माणूस नाही म्हणत नाही. आणि एकबाणीवर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता रीत अशी होती, की ज्यानं ओला बाण कोरा सांगितला, त्याचं धनुष्य मोडायचं, आणि तो मेला तर त्याच्या नावाचा दगड टेकडीवर उभा करायचा नाही. ज्याचा दगड नाही, त्याचं नाव सणाला घेत नाहीत. त्याच्या घरच्यांनी ते कधी उच्चारायचंही नाही.

सावळी अंगणातून उठून आली होती. तिनं ते ऐकलं. "त्यांनी लपवलं नसेल," ती म्हणाली. "ते असं लपवणारे नव्हते. मागच्या वर्षी त्यांनीच सांगितलं होतं ना ओरडून? तुम्ही सगळे हसला होतात." तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माणसं खाली बघत होती. मग ती एकबाणीकडे वळली. "भावजी, तुम्ही तरी सांगा. तुम्ही त्यांना ओळखता. तुमचं सगळे ऐकतील."

एकबाणीच्या हातात कुणीतरी दिलेलं पाणी होतं. त्यानं ते खाली ठेवलं. तो चालत खडकापाशी गेला, काल जिथे उभा होता तिथेच उभा राहिला.

"बाण ओला," तो म्हणाला.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही.

"माझा," तो म्हणाला. "काल. खालच्या रानात. मी धुतला."

 त्याच्या पायातले काटे काढणारा माणूस हळूहळू मागे सरकला. थोरल्यानं डोळे मिटून घेतले.

सावळी त्याच्याजवळ आली. तिनं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. तिनं नुसतं विचारलं, "एवढंच होतं?"

त्यानं मान खाली घातली.

"दोनच शब्द?" ती म्हणाली. "काल माझ्या चुलीपाशी बसून जेवलात, भावजी. तेव्हा हे दोन शब्द तुमच्यापाशी होते ना?"

"होते," एकबाणी म्हणाला.

ती परत अंगणात गेली आणि तेव्हा कुठे तिचं रडणं ऐकू आलं.

गोमाचा दगड टेकडीवर उभा राहिला. एकबाणीचं धनुष्य थोरल्यानं गुडघ्यावर मोडलं. त्याला वस्तीतून कुणी घालवलं नाही, पण जेवायला बोलावणारंही कुणी उरलं नाही. लोक त्याला त्या नावानं हाक मारेनासे झाले. खरं नाव तर आधीच विसरले होते. मग त्याला कुणी हाकच मारत नसे.

पुढे एका पावसाळ्यानंतर तो लाकडं घेऊन रानातून आला आणि खडकापाशी बसलेल्या बायकांना म्हणाला, "वरची वाट मोकळी आहे. कंद भरपूर आहेत." ते खरं होतं. बायकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दुसऱ्या एका शिकाऱ्याला बोलावलं आणि वाट बघून यायला पाठवलं. तो येईपर्यंत सगळ्या रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तोही जरा लांब, आपल्या मोळीवर, बसून राहिला.

लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: चूक त्याच दिवशी सांगितली तर ती फक्त आपली मान खाली घालते, आणि लपवली तर दुसऱ्याच्या जिवावर उठते.